फोडांवरचा लाल रंग

इलोम्बे, ३ ऑगस्ट २०२४

विहीणबाई ओनोरीन ईलोंगा यांना फिलोमेन बोयोतोचा नमस्कार. पुढचं वाचून झाल्यावर नमस्कार परत पाठवलात तरी चालेल.

तुमचे मासे पोचले. खरं तर वास आधी पोचला, मासे मागून आले. होडीवाल्यानं टोपली माझ्या दारात टाकली आणि हात धुवायला जो गेला तो परत आलाच नाही. तुम्ही बिकोरोत राहता, सरोवर तुमच्या अंगणाला लागून, लेक मासेमारी करतो, आणि सुनेला पाठवायला धड धुरी दिलेला एक मासा तुमच्या घरात निघू नये? आम्ही ते कुत्र्यांपुढे टाकले. कुत्री शहाणी, लांबूनच हुंगून परत फिरली.

पहिलटकरीण न्गोलात बसली की नवऱ्याच्या घरून काय काय यायला हवं, हे मी तुम्हाला शिकवावं अशी वेळ आली आहे. माझी बोलुम्बू तान्ह्या एकिलाला घेऊन कुंपणाच्या आत बसली त्याला वर्ष होत आलं. तिला काम नाही, कुणा पुरुषाचं तोंड बघायचं नाही. खायचं, झोपायचं, पोरीला पाजायचं, आणि डोक्यापासून पायापर्यंत न्गोलाच्या लाकडाचा लाल रंग लावून घ्यायचा. शेजारची बोसेंगे रोज सकाळी येऊन तिला तेलात कालवलेला रंग चोळते. काय झळकते पोरगी! जानेवारीत ती न्गोलातून उठेल, नाचेल, गाईल, तेव्हा नदीपलीकडची ती इतोकोवाल्यांची सुकटी पहिलटकरीण तोंड लपवायला जागा शोधेल. तुम्हाला हा अनुभव आहेच. आपण दोघी एकाच वर्षी न्गोलातून उठलो होतो आणि कुणाचं गाणं लोकांनी उचलून धरलं हे आख्खा मुलूख जाणतो.

लोम्बोतोला, तुमच्या लेकाला, एवढंच सांगा की ती उठेपर्यंत त्यानं इकडे फिरकायचं नाही. पहिलटकरणीला नवऱ्याचा हात लागला तर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही आता खायचे सुरवंट गोळा करायला रानात मुक्कामाला चाललो. परत आल्यावर तुमची टोपली आलेली दिसू द्या. या वेळी मासे ताजे असतील असं मी धरून चालते.

फिलोमेन

*

बिकोरो, ८ सप्टेंबर २०२४

विहीणबाई फिलोमेन बोयोतो यांस सविनय,

आपलं पत्र मिळालं. आपली तब्येत उत्तम असल्याचं त्यातल्या प्रत्येक ओळीवरून कळलं. मासे चांगले होते. तुमच्याकडे पोचेपर्यंत होडी कुठे कुठे थांबली याचा जाब होडीवाल्याला विचारा, मला नको. आणि कुणाचं गाणं लोकांनी उचललं ते मी बोलत नाही, कारण माझं गाणं आजही बिकोरोतल्या बायका जाळी विणताना म्हणतात. तुमचं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

वेगळ्या कामासाठी लिहिते आहे. इकडे माकडाच्या देवी पसरल्या आहेत. रेडिओवर मंकीपॉक्स म्हणतात तोच रोग. आधी ताप येतो, काखेत आणि मानेला गाठी येतात, मग अंगभर पाण्याचे फोड. रानात मेलेलं माकड किंवा खार कुणी सोलायला घेतं, तिथून तो माणसाला लागतो. मग माणसापासून माणसाला. फोडाला हात लागला, एका चटईवर निजलं, एका फडक्यानं अंग पुसलं, एवढं पुरतं. मोठी माणसं बहुतेक उठतात. लहान मुलांचं सांगता येत नाही. दवाखान्याच्या मागं तंबू ठोकले आहेत आणि सगळ्यात जास्त आवाज येतो तो लहान मुलांचा.

लस येणार आहे, आधी मोठ्यांसाठी, लहानांची नंतर. इफासो नर्स तुमच्या गावी येऊन जाईल. त्याला बोलुम्बूला आणि एकिलाला बघू द्या. कुंपणाबाहेर आणून उजेडात बघू द्या. पोरीच्या अंगावर काही उठलेलं नाही ना? हातापायाच्या तळव्यांवर? बोलुम्बूच्या तोंडात काही? मी उगाच विचारत नाही.

मासे पाठवले आहेत. टोपलीवर ओली पानं घातली आहेत.

आपली,
ओनोरीन ईलोंगा

*

इलोम्बे, २० सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

किती गोड लिहिलंत! वाचून दातच शिवशिवले.

तुम्ही उगाच विचारत नाही हे मलाही कळतं. नाकानं कांदे सोलणाऱ्या बाईला अचानक माझ्या मुलीच्या तळव्यांची काळजी वाटू लागली. का, ते मी सांगते. पहिलटकरीण दिवस भरायच्या आत कुंपणाबाहेर आली, उजेडात आली, परक्या पुरुषानं तिला पाहिलं, की तिचं न्गोला मोडलं. मग नाच नाही, गाणं नाही. सूनबाईनं मुकाट्यानं बोचकं उचलायचं आणि सासूच्या घरी मासे साफ करायला बसायचं. हेच हवं आहे ना तुम्हाला? पोरांनी आपल्या दोघींच्या नाकावर टिच्चून लग्न केलं तेव्हापासून तुम्ही याचीच वाट बघता आहात. आणि इतोकोवाल्यांची ती तुमची भाची लागते हे आम्हाला कळणार नाही असं वाटलं होतं?

इफासो आला होता. आम्ही वाटेवर झाड आडवं टाकलं. बायकांना मी सांगून ठेवलंय, त्या सुईनं कूस बंद होते आणि अंगावरचं दूध आटतं. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका. मला पटलं, एवढं बास.

बोलुम्बू छान आहे. दोनतीन दिवस अंग तापलं होतं. बसून बसून कंटाळली आहे, म्हणून जेवणावर मन नाही. एकिला गुटगुटीत आहे. न्गोला आता आम्ही दोन वेळा लावतो, सकाळी आणि दिवस कलला की, जरा जाडच. उठायचे दिवस जवळ आले की रंग चढलेला हवा. बोसेंगे आपल्या तान्ह्याला पाठीला बांधून दोन्ही वेळा येते बिचारी. तिच्यासारखी तुमच्याकडे एक तरी आहे का?

मासे बरे होते. खारट होते.

फिलोमेन

*

बिकोरो, ४ ऑक्टोबर २०२४

फिलोमेन,

‘तुम्ही’ पुरे झालं. मिशनच्या शाळेत एका बाकावर बसून तू माझ्या वेण्या दौतीत बुडवायचीस, तेव्हा तुझ्या तोंडी ‘आपण’ नव्हतं.

दोन वेळा रंग? जाड? आपण न्गोलात बसलो तेव्हा दोन वेळा कुणी लावला होता? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाई. रंगाखाली काय आहे? सरळ सांग. पोरीला ताप येऊन गेला म्हणतेस, जेवत नाही म्हणतेस, आणि वर रंगाचा दुसरा हात देतेस. भिंतीला ओल आली की लोक असंच करतात.

आता नीट ऐक. तुझ्या उजव्या दंडावर एक वण आहे. माझ्याही आहे. मिशनच्या अंगणात ओळीनं उभं करून आपल्याला देवीची लस टोचली होती. तू मागच्या मागे पळालीस आणि सिस्टरनं तुला कानाला धरून आणलं. तेव्हाच्या देवी पुढे जगातून गेल्या, म्हणून ती लस बंद झाली. नंतर जन्माला आलेल्या कुणाच्याही दंडावर काही नाही. इफासो म्हणतो, माकडाच्या देवी त्या जुन्या देवींच्याच नात्यातल्या, म्हणून तो वण असलेल्या माणसाला त्या सहसा धरत नाहीत. म्हणजे तू आणि मी वाचणार. म्हाताऱ्या वाचणार! बोलुम्बूला वण नाही, एकिलाला नाही, बोसेंगेला नाही, तिच्या पाठीवरच्या पोराला नाही. बोसेंगे ज्या हातानं तुझ्या मुलीचं अंग चोळते त्याच हातानं घरी जाऊन पोराला भरवते. एवढं तरी तुझ्या डोक्यात शिरतं का?

कूस बंद होते म्हणे. लहानपणी ती सुई टोचल्यानंतर तुला पाच झाली, मला सात. मग आपली कूस कशी उघडी राहिली?

लस बिकोरोत आली आहे. मोठ्यांना टोचतात. लहानांची अजून यायची आहे, पण भोवतीच्या मोठ्यांनी घेतली तर मुलापर्यंत रोग पोचायची वाट तरी बंद होते. ते झाड वाटेवरून काढ.

मला तुझा पराभव नको आहे. तो मला केव्हाच मिळाला आहे. मला नात हवी आहे.

ओनोरीन

*

इलोम्बे, ९ ऑक्टोबर

ओनोरीन,

एकिलाच्या अंगावर फोड आले आहेत. परवा मांड्यांवर होते, आज तोंडावर. उजवा डोळा उघडत नाही. दूध ओढते आणि सोडते. ओरडायची ताकद गेली, नुसती कण्हते.

बोलुम्बूला आधी आले होते. हो, रंगाखाली होते. मला वाटलं उष्णतेचे आहेत, न्गोलानं बसतील. आपल्या आयांनी सगळ्या फोडांवर न्गोलाच लावलं होतं. ऐकलंस? आता हसून घे.

हसून झालं की याचं उत्तर दे. इलोम्बेत कुणाला हा रोग नव्हता. बाहेरचं कुणी आलं नाही, झाड मी टाकलं होतं. मग आला कुठून? काल बोलुम्बू बोलली. आम्ही सगळे सुरवंटांच्या मुक्कामाला रानात होतो तेव्हा तुझा लोम्बोतो आला होता. बाहेर राखणीला ठेवलेल्या म्हाताऱ्या बाप्यांना त्यानं ताडी पाजली आणि कुंपण ओलांडून आत गेला. त्याच्या बोटांवर खपल्या होत्या. तिनं विचारलं तर म्हणाला, मासळीचा काटा लागला.

तुला माहीत होतं. तळव्यांवर काही नाही ना, तोंडात काही नाही ना, असं तू ८ सप्टेंबरला विचारत होतीस. जगाला रोग कसा लागतो ते मला पानभर शिकवलंस आणि तुझ्या पोटचा गोळा तो घेऊन आमच्या घरात शिरला हे लिहायला शाई संपली होती? चोराच्या उलट्या बोंबा! मी तुझं एकही अक्षर खरं मानलं नाही ते यासाठीच. तू खरं सांगतानासुद्धा काहीतरी दाबून ठेवतेस, शाळेत असल्यापासून.

झाड काढलंय. इफासोला पाठव.

तू येऊ नकोस.

फिलोमेन

*

बिकोरो, ११ ऑक्टोबर

फिलोमेन,

तुझा माणूस बाहेर थांबलाय, म्हणून थोडक्यात.

जुलैअखेरीस लोम्बोतोला रानात मेलेलं माकड सापडलं. ताजं होतं म्हणाला. सोललं, भाजलं, शेजाऱ्यांना वाटलं. मग ताप आला, हातावर फोड आले. मी लोकांना कांजिण्या सांगितल्या. लोकांना कळलं असतं तर आमच्या घरचा मासा बाजारात कुणी घेतला नसता. बरा होत आलाय असं वाटल्यावर तो दोन दिवस दिसला नाही. परत आला तेव्हा कानाखाली न्गोला लागलेलं होतं. मी ते माझ्या हातानं पुसलं.

तुला लिहायचं तर लिहावं लागलं असतं की माझ्या लेकानं न्गोलातल्या बायकोला हात लावला. तू ते ढोल वाजवून सांगितलं असतंस. खोटं बोलते का मी?

उद्या इफासोबरोबर निघते आहे. तू येऊ नको म्हणालीस ते वाचलं. कुंपणाच्या आत वण असलेल्या बायकांखेरीज कुणी जायचं नाही असं त्यानं सांगितलंय. इलोम्बेत तुझ्या वयाच्या आणखी कोण आहेत? एक आंधळी आहे, दुसरी गेल्या वर्षी वारली. तेव्हा तुला मी चालवून घ्यावीच लागेल.

बोसेंगेला आज, पत्र मिळताक्षणी, कुंपणापासून लांब कर. तिच्या पोराचं अंग बघ.

ओनोरीन

*

(कुंपणाच्या आतल्या खोपटात, एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना. तारीख कुणी घातलेली नाही.)

ओनोरीन, तुझ्याशी बोलायचं नाही हे मी ठरवलंय म्हणून लिहिते. पाणी उकळलेलं वापर. डोळ्याचं औषध इफासोनं चार वेळा घालायला सांगितलंय, तू तीनदाच घातलंस. आणि घोरू नकोस, पोरगी दचकते.

*

चौथ्यांदा तू झोपली होतीस तेव्हा घातलं. घोरत होतीस ती तू. चटया जाळायला दिल्या का? बोलुम्बूच्या खपल्या बऱ्याच पडल्या आहेत पण सगळ्या पडेपर्यंत तिचं फडकं वेगळं.

*

दिल्या. एकिलानं आज दोन्हीकडचं दूध घेतलं. मी मोजत होते, तू बघत नव्हतीस.

*

मी बघत होते.

*

बाहेर ढोल वाजतोय तो बोसेंगेच्या पोरासाठी. पहाटे गेलं. बोलुम्बूनं विचारलं कुणासाठी, मी म्हटलं नदीकाठचा म्हातारा वारला. तिला आत्ता कळता कामा नये, दूध आटेल. तू पण म्हातारा वारला असंच सांग.

*

सांगितलं. तिनं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं.

*

डोळा?

*

इफासो म्हणतो, डावा चांगला आहे. उजव्यावर पांढरं आलंय, ते जाणार नाही. जीव वाचला म्हणतो.

मी आत्ता रडते आहे ते धुरामुळे. तुझं तुझ्यापाशी ठेव.

*

बिकोरो, २१ जानेवारी २०२५

फिलोमेन,

त्या खोपटातून निघाल्यापासून तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शनिवारी तू बोलुम्बूच्या पहिल्या कडव्यालाच उठून गेलीस, आणि लोकांना वाटतंय की शिव्या तुझ्या एकटीच्या वाट्याला आल्या. तुझ्या एकटीच्या पदरात एवढा मान मी पडू देणार नाही.

पोरगी काय दिसत होती! इतोकोवाल्यांकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, माझी भाची असली तरी खरं ते खरं. एकिला तिच्या कमरेवर, डोळ्यावर पट्टी नाही, काही नाही. बोलुम्बूनं मुद्दाम उघडा ठेवला होता. पहिलटकरीण उठते त्या दिवशी ती कुणाचंही नाव घेऊन काहीही गाऊ शकते, मध्ये कुणी ब्र काढायचा नाही. आपण दोघींनी त्या हक्काचा काय वापर केला? मी तुला वाळलेला मांगूर मासा म्हटलं, तू मला झाडाची पोकळ ढोली म्हटलंस, आणि चाळीस वर्षं त्यावर घालवली.

तिचं तुझ्यावरचं कडवं तू ऐकलंसच:

आईनं माझं अंग रंगवलं,
फोड उठले, फोडांवर रंग,
गावाला म्हणाली, बघा झळकते कशी!
बोसेंगे, तुझे हात त्या रंगात होते.

आता माझं. त्यात तिनं एवढंच म्हटलं की सासूनं निरोप पाठवला पण उशिरा पाठवला, आणि मासे मात्र वेळेवर पाठवले. बायका हसल्या. मी बसून राहिले. मी उठून गेले नाही एवढं गावानं बघितलं.

त्यानंतर ती एकिलाला घेऊन इलोम्बेतल्या माझ्या भावाच्या घरी गेली. लोम्बोतो दारात उभा होता, त्यालाही आत घेतलं नाही. मला पोरीला हात लावू देत नाही. तुला देते का? देत असेल तर कळव. देत नसेल तरी कळव.

ओनोरीन

*

इलोम्बे, २३ जानेवारी २०२५

ओनोरीन,

मी उठले, पण गेले नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी होते. सगळं ऐकलं. सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही. गाणं लिहून पाठवतानासुद्धा स्वतःच्या वाटचं मऊ करून पाठवलंस. तिनं असं म्हटलं होतं:

सासूनं लेकाचा कान पुसला,
कांजिण्या म्हणाली, कांजिण्या म्हणाली,
मला पानात गुंडाळून मासे पाठवले,
बोसेंगे, तुला तिनं काय पाठवलं?

कुणी हसलं नव्हतं. एक माणूस हसलं नव्हतं. कानाचं तिला कुणी सांगितलं म्हणशील, तर मी सांगितलं. तुझं पत्र तिला दाखवलं आणि तू खोपटात विसरलेलं माझंही दाखवलं, दोन्ही. तिनं मागितली होती. बोसेंगेच्या पोराचं तिला खोपटातच समजलं होतं. म्हातारा वारला तर बायका एवढ्या रडत नाहीत, असं ती म्हणाली.

आणि कडवी तीन होती. तिसरं तू गिळलंस. मी वाट बघत होते पाठवतेस का. नाही पाठवलंस, म्हणून हे घे:

दोन आज्या, दोन मांड्या, रिकाम्या दोन्ही.
पुढल्या मंगळवारी सुईवाले येतील, बोसेंगे ओळीत उभी राहील,
तिच्यासमोर बोला, गावासमोर बोला,
मग माझ्या एकिलाला मांडीवर घ्या.

मलाही पोरीला हात लावू देत नाही. काल तुझ्या भावाच्या कुंपणाबाहेरून हाक मारली तर एकिलानं आवाजाच्या दिशेला मान वळवली. उजवीकडून हाक मारली तर ती पूर्ण वळावी लागते, मग डाव्या डोळ्यानं शोधते. बोलुम्बूनं तिला उचललं आणि आत नेलं.

मी सांगितलं म्हणून इथे अजून निम्मी घरं सुई घ्यायला तयार नाहीत. बोसेंगे ओळीत उभी राहणार आहे, तिच्या पोटात दुसरं नाही पण तिची मोठी मुलगी आहे, तिच्यासाठी. ती माझ्याशी भांडली नाही. मी वाट बघत होते तिनं भांडावं म्हणून. माझ्या अंगणातून जाताना ती अजून मला नमस्कार करते. तुझ्या शिव्या परवडल्या.

तर मंगळवारी सकाळी ये. टेबल मिशनच्या जुन्या अंगणात लावणार आहेत. मी आधी बोलणार आहे. मी मोठ्या मनाची आहे म्हणून नाही, तू आधी बोललीस तर मरेपर्यंत सांगत फिरशील की फिलोमेनला तोंड उघडायला तू शिकवलंस. मी म्हणेन की मला फोड दिसले होते आणि मी बोसेंगेच्या हातात रंगाचं भांडं दिलं. रोज दिलं. तिचं पोर पाठीवर होतं ते मला दिसत होतं. तुझं तू म्हण. मऊ करून म्हणालीस तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करेन.

माझा आवाज अडकला तर माझ्या मदतीला येऊ नकोस. माझ्या वतीनं वाक्य पुरं करू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे. नुसती शेजारी उभी राहा. मला वेळ लागेल, पण मी बोलेन.

फिलोमेन